फुकट दिलेलं, मोकळं दिलेलं

आमच्या घरात त्या काळी सतत एखादा रेडिओ अर्धवट बोलत असायचा. नागपूरच्या महाल भागातल्या दोन खोल्या. पुढची बाबांच्या रेडिओ दुरुस्तीची आणि मागची आम्हा तिघांची. मधे नुसता एक पडदा. त्यामुळे सोल्डरिंगचा धूर मागे यायचा आणि आईच्या फोडणीचा ठसका पुढे जायचा. आई भिवापूरची. वर्षाची मिरची तिच्या माहेरून पोत्यानं यायची, आणि ती खलबत्त्यात कुटायला बसली की पुढे स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक शिंकत शिंकत म्हणायचं, "वहिनी, पाटोडीचा रस्सा दिसते आज!" आई आतूनच म्हणायची, "रेडिओ झाला का तुमचा? मंग जेवूनच जा." बाबा नुसती मान डोलवायचे. तोंडात स्क्रू धरलेले असायचे.

बाबांची एक सवय होती. कुठलाही रेडिओ आला की ते आधी मागचं झाकण काढून त्याची आतली बाजू पाहायचे. जुन्या, मोठ्या लाकडी सेटांमध्ये तिथे एक कागद चिकटवलेला असायचा. त्यावर अख्ख्या यंत्राचा नकाशा: कुठली तार कुठून कुठे जाते, कुठला भाग किती ताकदीचा. तो कागद दिसला की बाबांचा चेहरा सैल व्हायचा. पण मी कॉलेजात गेले त्या सुमारास जे नवे सेट यायला लागले त्यांत कागद नसायचा, आणि आतल्या काळ्या चिपांवरचे नंबरही कुणीतरी घासून पुसून टाकलेले असायचे. एकदा बाबांनी असा एक सेट माझ्यासमोर धरला. "पाह्य वं कुंदे. हे गिऱ्हाइकानं नाही खरवडलं. बनवनाऱ्यानंच खरवडलं." "काहून पण?" मी विचारलं. "दुसऱ्या कोनाले दुरुस्त करता येऊ नये म्हनून. बिघडला की त्याच्याच दारात जा." एवढं बोलून त्यांनी तो सेट बाजूला ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाठ करून बसले.

बी.एस्सी. झाल्यावर मी सीताबर्डीवरच्या एका क्लासमध्ये सहा महिने कॉम्प्युटर शिकले. सहा जणांत एक मशीन, आणि आपली पाळी येईपर्यंत वहीत पेन्सिलीनं प्रोग्राम लिहीत बसायचं. प्रोग्राम म्हणजे यंत्रानं काय करायचं त्याची ओळीओळीनं लिहिलेली सूचना. मला ते लिहिणं आवडायचं. त्याच जोरावर एका धर्मादाय दवाखान्याच्या रक्तपेढीत मला नोकरी लागली. पेढीच्या प्रमुख डॉक्टर लिमये मॅडम. उंच, पांढरी सुती साडी, बोलणं मोजकं. त्यांनी पहिल्या दिवशी मला कॉम्प्युटरच्या खोलीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "चपला बाहेर काढ. आत धूळ गेलेली चालत नाही म्हणे." दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीखेरीज तेवढी एकच खोली थंड होती. मे महिन्यात नर्सा काहीतरी निमित्त काढून तिथे डोकावून जायच्या.

रक्तदात्यांची यादी ठेवायचा प्रोग्राम मुंबईच्या एका कंपनीनं दवाखान्याला भेट दिला होता. एक पैसाही न घेता. कंपनीचे सबनीस नावाचे गृहस्थ स्वतः फ्लॉपी घेऊन आले, तेव्हा दवाखान्यात छोटा समारंभ झाला, सगळ्यांना संत्र्याची बर्फी वाटली. "ही समाजाला आमची भेट आहे. पूर्णपणे फ्री," सबनीस म्हणाले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही मनापासून वाजवल्या. पुढे वर्षभर मी रक्तदानाच्या कॅम्पामागून कॅम्पातली नावं त्यात भरली. आधीची दात्यांची पुठ्ठ्याची कार्डं होती ती मॅडमनी एका लोखंडी कपाटात ठेवून दिली, आणि नवी कार्डं लिहिणं बंद केलं. एकच काम दोनदा कशाला करायचं?

मग हळूहळू बारीकसारीक गोष्टी खटकू लागल्या. आमच्या बहुतेक दात्यांकडे फोन नव्हता. निरोप कुठल्या दुकानात किंवा शाळेत द्यायचा ते लिहायला एक रकाना हवा होता. सबनीसांना पत्र घातलं, तर उत्तर आलं की प्रोग्राममध्ये बदल फक्त कंपनी करते, पुढे कधीतरी बघू. मग सावनेरच्या दवाखान्यातून एक डॉक्टर आले. तिकडे कोळशाच्या खाणी, अपघात होतात, त्यांनाही अशी यादी हवी होती. त्यांनी कोरी फ्लॉपीच सोबत आणली होती. मी नक्कल करायला गेले, तर यंत्र खरखरलं आणि नक्कल झाली नाही. तशी सोयच बंद केलेली होती. ते डॉक्टर कोरी फ्लॉपी पिशवीत घालून परत गेले. सबनीस पुढच्या खेपेला आले तेव्हा मी धीर करून विचारलं, की हा प्रोग्राम आतून कसा लिहिलाय ते मला पाहायला मिळेल का? ते हसले. "बेटा, गाडी चालवायची तर इंजिन कशाला उघडायचं?"

त्या दिवशी जेवताना मी हे बाबांना सांगितलं. आईनं सांबारवडी केली होती, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी. बाबा घास थांबवून म्हणाले, "तुमच्या त्या डब्यात कागद नाही म्हन ना." मी म्हटलं, "पण बाबा, फुकट दिलंय त्यांनी." बाबा म्हणाले, "फुकट देलं म्हनजे मोकळं देलं असं नसते पोरी. फुकट देल्लं परतही घेता येते." मला ते जुन्या माणसाचं कुरकुरणं वाटलं. आज माझ्या हातातल्या फोनवर रोज दहा गोष्टी 'फ्री' म्हणून येतात, आणि प्रत्येक वेळी त्या वाक्याशी माझं बोट अडखळतं. पण तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि यंत्र माझ्यावर चिडलं नाही तरी पुष्कळ, असं मला वाटायचं.

तो दिवस महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीचा होता. दवाखान्याला सुट्टी नसते, म्हणून मी नऊ वाजताच पोचले. रस्ते तेव्हाच तापायला लागले होते. रक्तपेढीच्या दारात भिवापूरकडची एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा, डोक्यावरून पदर. तिच्या सुनेचं, ललिताचं, पहाटे बाळंतपण झालं होतं. झालेली मुलगी ठीक होती, पण ललिताचं रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची एकच बाटली होती, ती लावून झाली होती. शहरातल्या दुसऱ्या पेढीतून आणखी एक मिळाली होती. मॅडम मला पाहताच म्हणाल्या, "कुंदा, निगेटिव्हची यादी काढ. खाप्याच्या कॅम्पात तीन जण होते, मला आठवतंय. नावं काढ पटकन."

मी चपला काढल्या, यंत्र चालू केलं, फ्लॉपी सरकवली. पडद्यावर रोजची हिरवी चौकट यायच्या ऐवजी इंग्रजीत एक ओळ आली. वापराची मुदत संपली आहे. नवीन किल्ली-क्रमांकासाठी कंपनीशी संपर्क साधावा. खाली एक छोटा चौकोन लुकलुकत होता, किल्लीची वाट पाहत. मी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तीच ओळ. मुदत आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा त्या इंग्रजी करारात कुठेतरी सांगितलं असेल. मी यंत्रातली तारीख मागे नेऊन पाहिली. प्रोग्रामनं आदल्या दिवसाची तारीख कुठेतरी लिहून ठेवली असावी; त्यानं माझी युक्ती ओळखली आणि तीच ओळ परत दाखवली.

मॅडमनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. एक्स्चेंजवरची बाई म्हणाली, "नंबर बज रहा है मॅडम, कोई उठा नहीं रहा." सुट्टी. सबनीसांच्या घरचा नंबर कुणाकडेच नव्हता. मॅडमनी लोखंडी कपाट उघडून जुनी कार्डं टेबलावर ओतली. ओ निगेटिव्हची दोनच निघाली. एकानं तीन आठवड्यांपूर्वीच रक्त दिल्याचं मॅडमना आठवत होतं, दुसरा बदली होऊन भोपाळला गेला होता. खाप्याची तिन्ही नावं फक्त त्या फ्लॉपीत होती, मी माझ्या बोटांनी भरलेली, आणि मला एकही आठवत नव्हतं. दवाखान्यातल्या सगळ्यांचे गट तपासायला माणसं धावली. कुणीच निघालं नाही. मॅडमनी विचारलं, "नावं यातच आहेत ना? मग निघत कशी नाहीत?" त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

प्रोग्राम बंद होता, पण नावं वेगळ्या फाइलीत साठवलेली होती, हे मला ठाऊक होतं. ती फाइल मी सरळ पडद्यावर उघडली. निरर्थक अक्षरांचा पूर आला. त्यांनी मजकूर मुद्दाम बिघडवून ठेवला होता. पण एक गोष्ट डोळ्यांत भरत होती: जिकडेतिकडे टक्क्याची खूण. टक्के, टक्के, टक्के, मधूनच चारपाच अक्षरं, पुन्हा टक्क्यांची रांग. दारातून ललिताच्या सासूबाईंचा आवाज आला, "बाई, मशीन काय म्हन्ते वं? सापडलं का कोनी?" मी मागे वळून पाहिलंच नाही. 

माझी नजर टेबलावर ओतलेल्या कार्डांवर गेली. नाव, गाव, गट, तारीख. आणि बाकी सगळं कार्ड कोरं. आखलेल्या ओळीत नाव चारच अक्षरांचं असलं की पुढची सगळी जागा मोकळी. म्हणजे यादीत सर्वांत जास्त काय असतं? कोरी जागा. मग हे टक्के म्हणजे कोऱ्या जागाच असणार. यंत्रात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. कोऱ्या जागेचा बत्तीस, टक्क्याचा सदतीस. पाचाचा फरक. मी वहीचं मागचं पान काढलं. एका ठिकाणी इंग्रजी यू, एफ, वाय, एन, क्यू अशी अक्षरं एका ओळीत होती. प्रत्येकात पाच घरं मागे गेले. पी, ए, टी, आय, एल. पाटील! मी तोंडावर हात दाबला. पुढच्या काही मिनिटांत सात-आठ ओळींचा एक प्रोग्राम टाइप केला: फाइल उघड, एकेक अक्षर घे, त्यातून पाच वजा कर, छाप. पहिल्या खेपेला एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला आणि यंत्रानं चूक दाखवली. बाहेर कुणीतरी धावत गेल्याचा आवाज आला. दुसऱ्या खेपेला प्रिंटर करकरायला लागला, आणि कागदावर माणसं उतरू लागली.

खाप्याचे तिघे सापडले. एक विणकर, एक शाळामास्तर, एक पानठेलेवाला. पत्ते होते, फोन अर्थातच नव्हते. दवाखान्याचा जीपवाला शंकर तो कागद खिशात घालून निघाला तेव्हा बारा वाजत होते. कन्हान नदीकाठचं ते गाव, तासाभराचा रस्ता, वर रणरणतं ऊन. ते तीन तास मला आजही नीट सांगता येत नाहीत. मॅडम वर-खाली करत होत्या. सासूबाईंनी डबा उघडून माझ्यापुढे धरला, भाकरी आणि ओल्या मिरचीचा ठेचा. "खाऊन घे वं माय, तू कवाची बसून राहिली." त्यांच्यासाठी मी एक तुकडा खाल्ला. अडीचच्या सुमारास वरून नर्स आली आणि मॅडमच्या कानात काहीतरी बोलली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या जिना चढून गेल्या.

जीप आली तेव्हा तीन वाजून गेले होते. मागच्या सीटवरून दोघं उतरले. विणकराच्या शर्टाला सुताचे धागे चिकटलेले होते, तो मागावरून तसाच उठून आला होता. मास्तरांच्या डोक्याला ओला दुपट्टा. पानठेलेवाला लग्नाला परगावी गेला होता. "कुठं झोपू?" एवढंच विणकरानं विचारलं. दोन बाटल्या मिळाल्या, गट जुळवून पाहिले, वर गेल्या. उन्हं कलली तेव्हा मॅडम खाली आल्या, माझ्या टेबलाच्या कडेवर बसल्या, जिथे त्या कधीच बसत नसत, आणि म्हणाल्या, "थांबलं. रक्त थांबलं तिचं." सासूबाईंनी मॅडमच्या नव्हे, त्या विणकराच्या पायांना हात लावला. तो बिचारा उठून मागे सरकला.

इथेच ही गोष्ट संपायला हवी होती. पण पुढचा महिना माझ्यासाठी त्या दिवसापेक्षा कठीण गेला. मी त्या नावांसाठी स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला. निरोपाचा रकाना घातला, तीन महिने पूर्ण न झालेल्या दात्याचं नाव आपोआप वगळायची सोय केली. चालू लागला. सगळे मला "आमच्या कुंदाताई" म्हणू लागले. आणि मी कुणाला न सांगता त्या प्रोग्रामला एक परवलीचा शब्द घातला, जो फक्त मला ठाऊक होता. कुणी तो बिघडवू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. यादी हवी असली की मॅडमनासुद्धा मला हाक मारावी लागायची, आणि ती हाक मला गोड वाटायची.

त्या दिवशी काय झालं ते मॅडमनी कंपनीला तक्रार म्हणून लिहून कळवलं होतं. मग कंपनीचं पत्र आलं, वकिलाच्या सहीचं. आम्ही त्यांची फाइल फोडली, करार मोडला, आणि जिनं हे केलं तिच्यावर व्यक्तिशः कारवाई करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. त्यात माझं पूर्ण नाव होतं, बाबांच्या नावासकट. मी ते घरी नेलं. आईनं पोळीचा तवा आणि उलथनं तसंच टाकलं. "पोलिसाचं काम आहे का वं हे? तुले कोनं सांगतलं होतं फोडाफोडी कराले? त्या पोरीले रक्त भेटलं, चांगलं झालं, पन आता कोर्टात कोन उभं राहीन?" बाबांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं, तरी वाचलं. मग म्हणाले, "तू चोरी केली का?" "नाही बाबा. नावं आपलीच होती." "मंग भेऊ नको." पण त्या आठवड्यात पुढच्या खोलीतले रेडिओ फारसे बोलले नाहीत. एकदा पोस्टमन दारात आला तर आई आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली.

सबनीस पुढच्या सोमवारी आले. मॅडमच्या खोलीत आम्ही तिघंच. मला वाटलं होतं ते रागावतील, पण ते अगदी प्रेमानं बोलले. जे झालं ते झालं, कंपनी पत्र मागे घेईल. शिवाय नवा प्रोग्राम देईल, मुदत नाही, पैसे नाहीत. "आणि कुंदाताईंना आत बघायचं होतं ना? हे घ्या." त्यांनी एक जाडजूड लखोटा टेबलावर ठेवला. आत छापील कागदांची चळत होती, अख्खा प्रोग्राम ओळीओळीनं. "फक्त या एका कागदावर सही. आता याहून मोकळं काय असतं?" मॅडमच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मी तो सहीचा कागद माझ्याकडे ओढला. असं मी याआधी कधी केलं नव्हतं.

इंग्रजी किचकट होतं, पण मी बोट ठेवून वाचत गेले. मग विचारलं, "सर, हे मी वाचलं आणि यात चूक सापडली, तर दुरुस्त करू शकते?" "आम्हाला कळवायचं. आम्ही करू." "आम्हाला आणखी एक रकाना हवा असला तर?" "तेच. आम्हाला कळवा." "सावनेरच्या डॉक्टरांना नक्कल देता येईल?" सबनीसांनी चष्मा पुसला. "त्यांनी आमच्याकडे अर्ज करावा." "आणि रक्तपेढीऐवजी आम्ही हे डोळ्यांच्या शिबिराच्या यादीला वापरलं तर?" "करारात फक्त रक्तपेढी आहे." शेवटचं वाक्य मी मॅडमकडे पाहून बोलले. "मॅडम, हे काच लावलेलं झाकण आहे. आतलं दिसतं, हात लावता येत नाही. उद्या पुन्हा कुणी दारात बसलं असेल, आणि पुन्हा मुंबईचा फोन वाजत राहील."

 सबनीस माझ्याकडे वळले. "हुशार आहात. खरं सांगू, तुम्ही लिहिलेला प्रोग्राम आमच्यापेक्षा बरा आहे असं ऐकलं. आमच्याकडे या, मुंबईत. तो प्रोग्राम घेऊन या. तुमच्या नावानं विकू." क्षणभर मला मुंबईतली एक थंड खोली दिसली, दारावर माझं नाव. नाही दिसली असं म्हणणार नाही. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "कुंदा, तू आत्ता जे चार प्रश्न विचारलेस, तेच तुझ्या प्रोग्रामला विचारले तर काय उत्तर येतं?"

मी हातातला सहीचा कागद टेबलावर ठेवला. कानशिलं तापली. त्यांना परवलीच्या शब्दाचं ठाऊक होतं की नाही, मला कधीच कळलं नाही. मी सुट्टीवर असताना त्यांनी प्रोग्राम लावून पाहिला असेल, आणि पडद्यानं त्यांना अडवलं असेल, आणि त्या काही बोलल्या नसतील. "चारही वेळा 'नाही' असंच येतं," मी म्हटलं. "मी त्याला कुलूप घातलंय. ते फक्त मला उघडतं." हे मी त्या सबनीसांच्या देखत म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आपल्यातलाच एक माणूस भेटल्यासारखं. त्या हसण्याची मला जी लाज वाटली, ती त्या वकिलाच्या पत्राच्या भीतीपेक्षा मोठी होती. मॅडमनी पेनला टोपण लावलं आणि लखोटा सबनीसांकडे सरकवला. "तुमची भेट आम्हाला पेलणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि नावं आमच्या दात्यांची आहेत. त्यासाठी कुणाला कोर्टात जायचं असेल तर माझं नाव घाला, हिचं नको." कोर्टाचं पत्र पुढे कधी आलं नाही. पण ते येणार नाही हे समजायला आम्हाला वर्ष लागलं, आणि ते वर्ष आईनं रोज पोस्टमनच्या सायकलीची घंटा ऐकत काढलं.

त्याच दुपारी मी परवलीचा शब्द काढून टाकला. अख्खा प्रोग्राम छापला. प्रत्येक भागाशेजारी काय केलंय ते मराठीत हातानं लिहिलं, आणि सगळ्यांत वर लिहिलं: हा प्रोग्राम कुणीही कशालाही वापरावा, वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, बदललेला दिला तर तोही असाच द्यावा. शेवटची अट मला सबनीसांमुळे सुचली. उद्या तेच यावर कुलूप लावून परत आमच्याच दारात यायचे. जगात दुसरीकडेही माणसं अशाच अटी लिहीत होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा फक्त सावनेरच्या डॉक्टरांना पोस्टकार्ड टाकलं, की कोरी फ्लॉपी घेऊन या. ते आले, आणि या वेळी नक्कल झाली.

पुढच्या हिवाळ्यात चंद्रपूरहून एक जाड पाकीट आलं. पाठवणारी बाई तिथल्या एका दवाखान्यातली लॅब टेक्निशियन, नाव सुलभा. मी तिला ओळखत नव्हते. प्रोग्राम तिच्यापर्यंत सावनेरमार्गे आणखी कुणाकडून पोचला होता. आत माझ्याच प्रोग्रामचे कागद होते, आणि एका ओळीवर लाल पेन्सिलीनं गोल. "ताई, राग मानू नका," तिनं लिहिलं होतं. "तीन महिने झाले की नाही ते तुम्ही फक्त महिना पाहून ठरवता, वर्ष पाहत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी नोव्हेंबरात दिलेला माणूस या डिसेंबरात एकाच महिन्यापूर्वी दिल्यासारखा दिसतो आणि यादीत येतच नाही. मी खाली दुरुस्त करून लिहिलंय. एकदा तपासा."

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग यंत्राशी बसून आमची यादी तिच्या ओळीनं काढली. ओ निगेटिव्हखाली दोन नावं जास्तीची आली. दोन धडधाकट माणसं, रक्त द्यायला तयार, आणि माझ्या प्रोग्रामनं त्यांना महिनाभर लपवून ठेवलं होतं. त्या महिन्यात कुणी दारात बसलं नव्हतं, हा केवळ योगायोग. कुलूप असतं तर ही चूक माझ्यासोबतच आत राहिली असती. असं वाटलं की माझ्या पाठीशी कुणीतरी उभं आहे, जिचा चेहराही मी पाहिलेला नाही. मी जुनी ओळ खोडली, सुलभाची ओळ टाइप केली, शेजारी तिचं नाव लिहिलं, आणि सावनेरला कळवायला पोस्टकार्ड काढलं.